सोंग आणि आरसा

देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. पीएच.डी. मिळाल्यानंतरच्या पहिल्या शिमग्याला मी तेथे, माझ्या घरी होतो. रात्री मुले सोंगे घेऊन अंगणात आली. एकाच्या डोळ्यांवर चष्मा आणि काखेत जाडजूड पुस्तक. दुसरा म्हातारी झालेला. म्हातारी जितक्या वेळा 'खंय' म्हणे, तितक्या वेळा चष्मेवाला तिच्याकडून 'कुठे' वदवून घेई; तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र देत नसे. सारे अंगण हसले. आईही हसली. बोलींच्या प्रतिष्ठेवर व्याख्याने देणारा मी घरात आईची मालवणी दुरुस्त करीत होतो, हे गावाला कळले होते, मला नव्हते.

पुढे होरेस या रोमन कवीच्या उपरोधिका वाचताना ते सोंग आठवले. दुसऱ्या पुस्तकातील सातव्या कवितेत सॅटर्नेलियाचा सण आहे. त्या दिवसांत गुलामांना मोकळेपणाने बोलण्याची मुभा असे. दावुस हा गुलाम खुद्द होरेसलाच सुनावतो: रोममध्ये असताना तुला खेडे हवे, खेड्यात गेलास की नगर, तूही आपल्या वासनांचा गुलामच. मालक अखेर संतापतो आणि त्याला शेतावर राबायला पाठविण्याची धमकी देतो. आरोप खरा ठरतो तो त्या संतापाने.

येथे शैलीही बोलते. महाकाव्याच्या भारदस्त वृत्तात होरेस रोजची बोलचाल आणतो. या रचनांना तो 'संभाषणे' म्हणतो. शतकाहून अधिक काळानंतर जुव्हेनल त्याच वृत्तात वक्त्याच्या आवेशाने नगरावर कोसळतो. एक स्वतःला हास्यात सामील करतो, दुसरा संतापाने दूर उभा राहतो. वेंगुर्ल्यात जन्मलेल्या मंगेश पाडगावकरांच्या 'सलाम'मध्ये (१९७८) भित्रा माणूस स्वतःच बोलतो आणि एकाच शब्दाच्या पुनरुक्तीतून त्याची लाचारी उघडी पडते.

विद्यार्थी मित्रहो, उपरोधिक कविता वाचताना कवी कोणाला हसतो एवढेच पाहू नका. तो कोठे उभा राहून हसतो, हेही पाहा.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला मालवणीत काहीतरी विचारले. तिने झाडू थांबवला, क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि एकेक शब्द जपून उच्चारीत प्रमाण मराठीत उत्तर दिले.