कणीस तिकडचं, लिंबू इकडचं

पावसाळ्यात शनिवार-रविवारी पुण्याजवळच्या कासारसाईच्या धरणावर गर्दी उसळते. हिंजवडीची पोरं गाड्या काढून येतात, रस्त्याच्या कडेला कोळशाच्या शेगड्या पेटतात आणि ओल्या हवेत भाजत्या कणसांचा वास भरून राहतो. शेगडीवरच्या मावशी पुठ्ठ्यानं वारा घालतात, दाणे तडतडतात, मग अर्धं लिंबू मीठ-तिखटात बुडवून त्या ते कणसावर दाबून फिरवतात. तो वास नाकात गेला की माझं मन मेक्सिको सिटीतल्या कोयोआकानच्या चौकात जाऊन उभं राहतं. तिथेही संध्याकाळी चर्चसमोर कणीसवाले असतात. कणीस कधी भाजलेलं, बहुतेक वेळा उकडलेलं, काडीला टोचलेलं. वर मेयॉनीज, खारट चीजचा कीस, लाल तिखट आणि शेवटी पिळलेलं लिंबू.

मका मूळचा मेक्सिकोचा. तेओसिंते नावाच्या रानगवताचे टणक दाणे पेरत, निवडत, पुन्हा पेरत तिथल्या शेतकऱ्यांनी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तो घडवायला सुरुवात केली. लिंबू आशियातलं, ते स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेलं. कासारसाईचं कणीस घ्या नाहीतर कोयोआकानचं, त्या एका घासात दोन खंड भेटलेले असतात. हिंजवडीतल्या कंपनीच्या कामासाठी मी काही वर्षं त्या शहरात राहिले, आणि तिथे मला पुन्हा पुन्हा भेटली ती हीच देवाणघेवाण.

तिथली सकाळ कानांना आधी कळायची. गल्लीतून एक माणूस हातातली घंटा बडवत पुढे चालायचा आणि मागून कचऱ्याची गाडी यायची. पुण्याची घंटागाडी अंगवळणी पडलेली; त्यामुळे पहिल्याच सकाळी, भाषेचा एक शब्द येत नसताना, माझे पाय आपोआप कचऱ्याच्या डब्याकडे वळले. थोड्या वेळानं धारवाला सायकलवरून पाव्याचे सूर चढवत-उतरवत जायचा. दुपारी भंगारवाल्याचा टेम्पो. त्यावर एका लहान मुलीचा रेकॉर्ड केलेला आवाज गाद्या, फ्रीज, शेगड्या, वॉशिंग मशीन अशी यादी एका लयीत म्हणत राहतो. शहराच्या कुठल्याही टोकाला जा, आवाज त्याच मुलीचा. आणि रात्री रताळेवाला. त्याच्या गाड्यावर लाकडाची भट्टी असते आणि तिच्या वाफेवर एक शिट्टी वाजते: लांब, कर्कश, हळूहळू खाली येत विरणारी. ती ऐकून पोरं खिडकीशी धावतात. भट्टीतलं मऊ रताळं, वर आटवलेलं गोड दूध. आपल्याकडे रताळं एकादशीचं. आषाढीच्या आपल्या ताटातली रताळी, बटाटे, शेंगदाणे, हिरवी मिरची, ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कंदसुद्धा, सगळं उत्तर-दक्षिण अमेरिकेतून आलेलं आहे. पंढरीच्या वाटेवर उपवास करणारा वारकरी ते विठोबाच्या नावानं खातो. कुठल्या पिकाला याहून मोठा मान मिळाला असेल?

पण तिथलं खरं देऊळ म्हणजे तोर्तियेरिया, मक्याच्या पोळ्यांचं दुकान. प्रत्येक मोहल्ल्यात एक असतंच. दुपारी दोनच्या सुमाराला रांग लागते, कारण तिकडचं मोठं जेवण दोन ते चारच्या मध्ये. बायका घरून स्वच्छ धुतलेलं, काठावर भरतकाम केलेलं फडकं आणतात. पोळ्या किलोवर मिळतात. वजन झालं की गरम चवड फडक्यात गुंडाळायची आणि छातीशी धरून घरी न्यायची. काउंटरवर मिठाची वाटी असते. रांगेतल्या माणसानं एक गरम पोळी घ्यावी, मीठ भुरभुरावं, वळकटी करावी आणि तिथेच उभ्यानं खावी. तिचे कोणी पैसे मागत नाही. ती मिठाची पोळी मी जितक्या आनंदानं खाल्ली तितक्या आनंदानं त्या शहरातल्या कुठल्याही मोठ्या हॉटेलातलं काही खाल्लं नाही.

त्या पोळीमागची रीत मी शेजारच्या बाईंकडे, सेन्योरांकडे, पाहिली. सत्तरी ओलांडलेल्या, ओआहाकाच्या डोंगरातल्या गावातून लग्न होऊन शहरात आलेल्या. सणावाराला त्या दुकानची पोळी आणत नसत. आदल्या रात्री मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून तसेच झाकून ठेवायच्या. सकाळी दाणा चोळला की साल सुटून हातात येते. मग दोन-तीन पाण्यांतून धुवायचं आणि तीन पायांच्या उतरत्या दगडी पाट्यावर वाटायचं. आपला पाटा जमिनीला टेकलेला, त्यांचा पुढे झुकलेला, एवढाच फरक. वरवंट्यावर टाकलेलं अंगाचं वजन तेच. त्या पिठाला जो वास येतो, ओल्या मातीचा आणि किंचित चुन्याचा, तो दुसऱ्या कशालाच येत नाही. हातावर थापून तवीवर टाकलेली पोळी एकदा उलटली, दुसऱ्यांदा उलटली की टम्म फुगते, आणि माझ्या आजीचा चेहरा भाकरी फुगल्यावर जसा खुलायचा तसाच सेन्योरांचाही खुलायचा.

हा चुना नुसत्या चवीसाठी नसतो. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व चुन्यानं मोकळं होतं आणि शरीराला मिळतं. युरोपानं मका नेला, पण ही रीत नेली नाही. पुढे स्पेन, इटलीतले गरीब शेतकरी मक्यावरच जगू लागले आणि पेलाग्रा नावाच्या रोगानं हजारोंच्या संख्येनं खंगले. कातडी सोलवटणारा, शेवटी माणसाला भ्रम आणणारा हा रोग. पीक घेतलं, पण ते पिकवणाऱ्या बाईचं शहाणपण घेतलं नाही, त्याची ही किंमत होती. हे वाचल्यापासून कोणत्याही देशाच्या स्वयंपाकघराला मागासलेलं म्हणणाऱ्याशी मी वाद घालते.

चटणीच्या बाबतीत मात्र मला नवं काही शिकावं लागलं नाही. सेन्योरा तव्यावर मिरच्या, लसूण, टोमॅटो काळे डाग पडेपर्यंत भाजून खडबडीत दगडी खलात चेचायच्या. मी त्यांना शेंगदाणे घातलेला आपला ठेचा करून दिला. त्यांनी एक घास घेतला, डोळे पुसले आणि दुसरा घास घेतला.

वागण्याच्या रीती शिकायला जास्त वेळ लागला. डॉक्टरकडे वाट पाहणारी दहा अनोळखी माणसं बसलेली असली, तरी आत येणारा प्रत्येक जण सगळ्यांना मिळून नमस्कार करतो आणि सगळे उत्तर देतात. खाणावळीतून बाहेर पडताना शेजारच्या टेबलावर जेवणाऱ्यांना, ओळख असो-नसो, जेवण चांगलं अंगी लागो अशी शुभेच्छा दिल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. आठवडी बाजारात भाजीवाली वजन झाल्यावर मूठभर वर घालते; आपल्याकडे वर कोथिंबीर-मिरची टाकतात, तसंच. जेवण संपलं तरी ताटावरून कोणी उठत नाही. ताटं सुकतात, पोरं झोपतात, बोलणं चालूच राहतं. ‘आत्ता येतो’ म्हणालेला नळदुरुस्तीवाला संध्याकाळी येतो, कधी दुसऱ्या दिवशी. सुरुवातीला याचा त्रास झाला, पुढे मीही घड्याळाकडे बघणं कमी केलं. डिसेंबरच्या नऊ रात्री घरोघर आसरा मागत फिरणारी गाणी, ६ जानेवारीच्या गोल केकात लपवलेली बाळाची मूर्ती आणि ती ज्याच्या वाट्याला येईल त्यानं २ फेब्रुवारीला सगळ्यांना मक्याच्या पिठाचे तमाले खाऊ घालायचे. वर्षभर काहीतरी निमित्त असतंच, आणि प्रत्येक निमित्ताला शेजाऱ्याला बोलावणं असतंच.

या सगळ्यात मला कायमचं बदलून टाकलं ते नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांनी. १ तारखेला गेलेली मुलं घरी येतात, २ तारखेला मोठी माणसं. ऑक्टोबर संपता संपता बाजार झेंडूनं पिवळाधमक होतो. झेंडूही मूळचा तिथलाच. आपल्याकडे त्याचं दसऱ्याला तोरण होतं, गाडीला हार होतो. तिथे त्याच्या पाकळ्यांची वाट रस्त्यापासून घराच्या आतल्या मांडणीपर्यंत घालतात, कारण त्या वासावर मेलेल्या माणसाला घर सापडतं. सेन्योरांनी दिवाणखान्यात पायऱ्यापायऱ्यांची मांडणी केली होती. वर नक्षी कातरलेले रंगीत कागद. प्रवासानं तहान लागते म्हणून पाण्याचा पेला. मीठ. कोपाल नावाच्या डिंकाचा धूप. आणि नवऱ्याच्या फोटोपुढे त्याचा चष्मा, सिगारेटचं पाकीट आणि अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. जाड बुडाच्या भांड्यात लाल भोपळ्याच्या फोडी काळ्या गुळाच्या पाकात, दालचिनी घालून रटरटत होत्या. हा त्या दिवसांचा ठरलेला पदार्थ. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडेही पित्रांच्या जेवणात लाल भोपळा लागतो, आणि गूळ घालून त्याचे आम्ही घारगे करतो. भोपळा त्यांच्याकडून आपल्याकडे आला, ऊस आपल्या बाजूनं त्यांच्याकडे गेला, आणि दोन्हीकडच्या माणसांनी आपापल्या मेलेल्यांसाठी दोन्ही एकाच भांड्यात शिजवले.

त्या म्हणाल्या, “तुझं कोणी गेलंय?”

“वडील.”

“मग त्यांनाही घेऊन ये. इतक्या लांब आलेत, दाराबाहेर का उभे राहतील?”

मी आप्पांचा फोटो नेला. त्यांना काय आवडायचं, असं सेन्योरांनी विचारलं. चहा, मी म्हणाले, आणि शेंगदाण्याची चटणी. त्या संध्याकाळी मुळशी तालुक्याबाहेर फारसे कधी न गेलेले माझे आप्पा मेक्सिको सिटीतल्या एका दिवाणखान्यात, झेंडूच्या उजेडात, एका अनोळखी मेक्सिकन गृहस्थाच्या शेजारी बसले होते आणि दोघांपुढे वाफाळता चहा होता.

दुसऱ्या रात्री आम्ही शहराच्या आग्नेय टोकाच्या मिस्किक गावात गेलो. तिथल्या दफनभूमीत थडग्याथडग्यावर मेणबत्त्या, फुलं, आणि भोवती अख्खी कुटुंबं बसलेली. डबे उघडलेले, कुठे गिटार, कुठे हसणं, कुठे कोणी एकटंच कबरीच्या दगडाशी बोलत बसलेलं. रडणारेही होते, पण कोणी त्यांना गप्प करत नव्हतं. आपल्याकडे पितृपक्षात आपण पान वाढतो, कावळ्याची वाट बघतो, तो शिवला नाही तर जीव कासावीस होतो. काय राहून गेलं, कशानं रुसले, असं मनात येतं. ती रीत ऋण फेडण्याची आहे. तिथली रीत पाहुणचाराची आहे. मला दुसरी जास्त जवळची वाटते, आणि कासारसाईला परत आल्यापासून सर्वपित्रीला मी पान वाढते तेव्हा शेजारी आप्पांचा फोटो ठेवते आणि घरातल्या मुलांना त्यांच्या गोष्टी सांगते. जावांनी पहिल्या वर्षी भुवया उंचावल्या. आता त्याही त्यांच्या माणसांचे फोटो आणतात.

मेक्सिकोत राहायला गेलेलं मी पहिलं मराठी माणूस नव्हे, आणि हे मला तिथे गेल्यावरच नीट कळलं, याचं मला आजही वाईट वाटतं. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ साली तिथे पोहोचले. अमेरिकेत शेतीचं शिक्षण घेतलेला, इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीच्या पहिल्या माणसांपैकी एक, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढलेला हा क्रांतिकारक. मायदेशाचं दार बंद होतं. मेक्सिकोची राज्यक्रांती नुकतीच होऊन गेली होती, जमिनी वाटल्या जात होत्या, आणि त्या जमिनी कसणाऱ्यांना शिकवणारी माणसं हवी होती. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्याच्या सुधारित जाती, मक्याचं पूर्वज गवत तेओसिंतेशी केलेला संकर, दुष्काळाला टिकेल असा गहू, हे त्यांचं काम. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा काढल्या. तीना मोदोत्ती या छायाचित्रकर्तीनं त्यांच्या कामाचे फोटो काढले. चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचे मित्र होते. मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत रिव्हेरांनी रंगवलेल्या भिंतीवर, जेवणाच्या टेबलाशी भाकर मोडून वाटणारा जो माणूस आहे, तो खानखोजे म्हणून ओळखला जातो.

भाकर मोडून वाटणारा वर्ध्याचा माणूस! ज्वारीच्या मुलखातून गेलेल्या माणसानं मक्याच्या मुलखात मक्याचंच बी सुधारून दिलं. परका म्हणून राहणाऱ्यानं राहत्या देशाला द्यावं ते याहून मोठं मला माहीत नाही. स्वातंत्र्यानंतर ते १९४९ साली भारतात आले, तेव्हा जुन्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे त्यांना विमानतळावरच अडवलं गेलं. पुढे ते नागपुरात स्थायिक झाले. १९६६ साली भारतानं मेक्सिकोहून गव्हाचं १८ हजार टन बियाणं आणलं आणि त्यातून इथली हरितक्रांती उभी राहिली, तेव्हा ते हयात होते. जानेवारी १९६७ मध्ये ते गेले.

वीणा गवाणकरांनी मराठीत त्यांचं चरित्र लिहिलंय आणि त्यांची मुलगी सावित्री साहनी यांनी इंग्रजीत. तरीही धरणावर कणीस खाणाऱ्या दहा जणांना विचारलं तर खानखोजे हे नाव एकालाही सांगता येत नाही; मी विचारून पाहिलं आहे. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर एक धडा असायलाच हवा.

आता पुण्याहून कामाला मेक्सिकोत जाणारी मुलंमुली वाढली आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे. पिरॅमिड बघा, कान्कूनचा समुद्र बघा, पण एक दिवस चापिंगोसाठी राखून ठेवा. रिव्हेरांनी रंगवलेलं प्रार्थनाघर तिथेच आहे, आणि २०२२ साली लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते अनावरण झालेला खानखोज्यांचा पुतळाही. शहराच्या पूर्वेच्या तापो स्थानकावरून टेक्सकोकोकडे बस सुटतात. चापिंगो टेक्सकोकोला लागूनच आहे.