पाचवी नस

दीड महिना इथं काही लिहिलं नाही. पुण्याच्या भाचीचा फोन आला, "मामा, लिहिणं सोडलं का?" सोडलं नव्हतं. पण जबड्यात वीज खेळत असताना माणसाला 'श्री' सुद्धा लिहवत नाही, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं.

वीज म्हणजे खरंच वीज. शेतातल्या मोटारीचा शॉक ज्यांनी खाल्लाय त्यांना जास्त सांगायला नको. सकाळी दाताला ब्रश लावला की उजव्या खालच्या दाढेपासून कानापर्यंत सर्रकन कळ जायची. पाच-दहा सेकंद, फार तर मिनिटभर. मग सगळं शांत, जणू काही झालंच नाही. पुन्हा भाकरीचा तुकडा चावला की तेच. दाढी करताना तेच, पंख्याचा वारा गालाला लागला तरी तेच. दाढ दुखतेय म्हणून एका दंतवैद्याकडं गेलो, त्यांनी एक दाढ काढली. कळ राहिली म्हणून दुसऱ्याकडं गेलो, त्यांनी शेजारची काढली. दाढा गेल्या, कळ जागेवर! शेवटी मुलानं सोलापूरला मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांना पाच मिनिटं लागली. "गुरुजी, हे दाताचं नाही, नसेचं आहे," म्हणाले. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. नाव लिहून घेतलं, कारण मराठी माध्यमाचा बीए, एकदा ऐकून पाठ होईना. सलमान खानला हेच झालं होतं आणि २०११ साली त्यानं अमेरिकेत जाऊन उपचार घेतले, हे मुलानं मोबाईलवर वाचून दाखवलं. तेवढीच करमणूक.

तर गोळ्या सुरू झाल्या आणि त्याच सुमाराला नात सुट्टीला बेंबळीला आली. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. पिशवीतून तिनं कवटी काढली. आमच्या सौ. दारातच अडून बसल्या, "ही घरात नको." प्लास्टिकची आहे म्हणून सांगितलं तरी देवघर असलेल्या खोलीत तिला प्रवेश मिळाला नाही. शेवटी पडवीत ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीवर तिची स्थापना झाली, आणि तिथंच, बाजेवर बसून, मी आयुष्यात पहिल्यांदा माणसाचा चेहरा मागच्या बाजूनं पाहिला.

कवटीचं वरचं झाकण निघतं. आत तळाशी पाहिलं तर सपाट नाही, तीन पायऱ्या आहेत आणि जागोजागी भोकं आहेत. मधल्या पायरीवर पंख पसरलेल्या वटवाघळासारखं एक हाड आहे. त्याच्या दोन्ही पंखांवर तीन-तीन भोकं, वाकड्या ओळीत. पुढचं गोल, मधलं अंडाकृती आणि मागचं अगदी बारीक. नातीनं झाडूची एक काडी तोडली, आजीकडून लोकर मागून घेतली. नसेला पिवळी, रक्तवाहिनीला लाल. (आपण दोन्हीला 'नस'च म्हणतो. नात म्हणते, रक्त नेते ती धमनी आणि कळ नेतो तो मज्जातंतू. मी नसच म्हणणार.)

मेंदूतून अशा नसांच्या बारा जोड्या निघतात. माझी ती पाचवी. कवटीच्या आतच तिला तीन फाटे फुटतात. पहिला डोळ्याच्या खोबणीतून कपाळाकडं जातो. दुसरा त्या गोल भोकातून पुढं निघतो आणि वरच्या जबड्याच्या मागं, नाकाच्या खोल आत, एका चिंचोळ्या खाचेत उतरतो. तिथून डोळ्याखालच्या हाडातल्या नळीत शिरून गालावर बाहेर येतो. डोळ्याखाली बोटभर अंतरावर दाबून पाहा, तिथं एक लहानसं भोक आहे. तिसरा फाटा अंडाकृती भोकातून सरळ खाली, जबड्याच्या आतल्या बाजूला. त्याची एक फांदी खालच्या जबड्याच्या हाडात शिरते, सगळ्या दाढांना एकेक धागा देत पुढं जाते आणि हनुवटीवर बाहेर पडते. माझी वीज याच वाटेनं धावत होती. बिघाड मात्र दाढेत नव्हता. नस मेंदूतून निघते तिथं एक धमनी तिला टेकली आहे, एमआरआयमध्ये दिसली. नसेवरचं आवरण तिथं झिजतं आणि साध्या स्पर्शाचा निरोप कळ बनून जातो. वायरवरचं रबर घासून गेलं की ठिणगी उडते, तसंच.

बारीक भोकातून नसेबरोबर बाहेर जाण्याऐवजी एक धमनी आत येते, असं सांगत नातीनं लाल लोकर आत ओवली आणि कानशिलाच्या हाडाला आतून चिकटवत वर नेली. त्या जागी चार हाडं एकत्र येतात आणि हाड पातळ असतं. उन्हाकडं कवटी धरून तिनं दाखवलं. "आबा, इथं जोरात लागलं तर ही धमनी फाटते. आत रक्त साठतं. माणूस कधी कधी आधी नीट बोलतो, चालतो, आणि काही तासांत बेशुद्ध होतो."

मी गप्प झालो. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली. 'कानशिलात देईन' हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन, आणि नुसतं म्हणत नव्हतो. २००९ साली मी निवृत्त झालो, त्याच वर्षी शिक्षण हक्काचा कायदा झाला आणि पोरांना मारायला बंदी आली. तेव्हा आम्ही निवृत्त मंडळी हसलो होतो. नात म्हणाली, थपडेनं सहसा असं होत नाही, काठी, दगड, चेंडू, गाडीवरून पडणं, यानं होतं. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाली असेल.

तीच गत घुळण्याची. उन्हाळ्यात शाळेत पोरांचा घुळणा फुटायचाच. आम्ही पोराला उताणं झोपवायचो, डोक्यावर पाणी ओतायचो, कांदा हुंगायला द्यायचो. नात डोक्याला हात लावून बसली. उताणं झोपवलं की रक्त घशात जातं. बसवायचं, पुढं वाकवायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं चिमटीत धरून ठेवायचा. पोरांचं रक्त बहुतेक नाकाच्या पुढच्या पडद्यातून येतं, ते थांबतं. म्हाताऱ्यांचं कधी मागून येतं, त्याच खोल खाचेतून नाकात शिरणाऱ्या धमनीतून, आणि ते घरी थांबत नाही. वाचणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा.

त्या खाचेचं नाव टेरिगोपॅलाटाईन. लिहायला मला तीन प्रयत्न लागले. नाक, डोळा, टाळू आणि मेंदू या चारही गावांचे रस्ते तिथं मिळतात. २०२१ च्या मे महिन्यात ज्याला पेपरवाले काळी बुरशी म्हणत होते, तो म्युकर नाकातून आत शिरून याच चौकातून डोळ्याकडं आणि मेंदूकडं जायचा. कोरोनातून उठलेले, साखर वाढलेली, स्टिरॉईड घेतलेली माणसं. महाराष्ट्रात त्याचे हजारो रुग्ण झाले. माझ्याबरोबर नोकरी केलेला एक मित्र त्यात सापडला. इंजेक्शनासाठी त्याची पोरं चार जिल्हे फिरली. वरचा जबडा आणि एक डोळा गेला, माणूस राहिला. आता काळा चष्मा लावून पारावर येतो आणि आमच्याहून मोठ्यानं हसतो.

असो. मला सांगायचं होतं ते वेगळंच आहे.

कवटीच्या कानामागं एक भोक दाखवून नात म्हणाली, "इथून सातवी नस बाहेर येते. चेहरा हलवते ती सातवी. हसणं, रडणं, भुवया उडवणं, सगळं तिचं. ती बिघडली की तोंड वाकडं होतं." आपल्याकडं वारं गेलं म्हणतात, ते. "आणि पाचवी?" मी विचारलं. "पाचवी चावायला मदत करते, पण मुख्य काम चेहऱ्याला काय होतंय ते आत कळवणं. तिच्यात बिघाड झाला तर चेहरा तसाच दिसतो, आबा. सूज नाही, लाली नाही, काही नाही."

मला चेहरा वाचता येतो असा माझा फार अभिमान होता. साठ पोरांच्या वर्गात खोटं कोण बोलतंय ते मी दारातून सांगायचो. म्हणजे मी जन्मभर सातवी नस वाचत होतो.

माझी माय १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. मिलोच्या लाल भाकरीवर आम्ही ते वर्ष काढलं. त्यानंतर दोन वर्षांनी, १९७४ ला, मला नोकरी लागली आणि त्याच साली मायचं दुखणं सुरू झालं. पन्नाशीची असेल. बोलता बोलता मध्येच थांबायची, डावा हात गालाजवळ न्यायची पण गालाला लावायची नाही, अधांतरी धरायची. मग पुन्हा बोलायला लागायची. बाजारात दात काढणारा एक जण बसायचा, त्यानं तिचे डावीकडचे वरचे तीन दात काढले. कुणी करणी म्हणालं, कुणी भानामती. मी नवा बीए. करणी-भानामती खोटं हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि करणी खोटी म्हणून दुखणंही खोटं, असा माझा हिशोब झाला. "सूज कुठंय? चेहरा तर चांगला दिसतोय," असं मी तिला म्हणालो. एकदा तर पाहुण्यांसमोर म्हणालो, "हिचं कामाच्या वक्ताला दुखतं." माय काही बोलली नाही. त्यानंतर तिनं दुखणं सांगायचं सोडलं. भाकरी दुधात कुस्करून, मान फिरवून खायची. डोक्यावरचा पदर गालावर ओढून बसायची, भर उन्हाळ्यातही.

आणि तिनं नाकातली फुली काढून ठेवली. वडील जिवंत होते. सवाष्णीनं नाक रिकामं ठेवलं म्हणून भावकीत चर्चा झाली. मी तिला चिडून म्हणालो, "लोक काय म्हणतील, घाल ती." तिनं घातली. तोंड धुताना ओल्या पदराचा कोपरा त्या बाजूला लागू नये म्हणून ती अर्धंच तोंड धुवायची, हे मला आता आठवतं. तेव्हाही दिसलं होतंच.

मी नातीला विचारलं, माझं हे मायकडून आलं का? ती म्हणाली, हे सहसा घराण्यात येत नाही, पन्नाशीनंतर कुणालाही होतं, बायकांना जरा जास्त. मायची तपासणी कधी झाली नाही, म्हणून ती तेच होतं असं कुणी लिहून देणार नाही. पण सगळं ऐकल्यावर तिनं मान हलवली. सुश्रुतसंहितेत डोक्याच्या रोगांत 'अनंतवात' सांगितला आहे, बरेच वैद्य त्याला याच दुखण्याशी जोडतात. म्हणजे दुखणं नवं नव्हतं. औषधही नव्हतं असं नाही. मी घेतो ती कार्बामाझेपिन १९६२ पासून या दुखण्यावर वापरात आहे. माझ्या मायच्या पहिल्या कळेआधी बारा वर्षं. सोलापूरला तेव्हाही एसटी जात होती आणि मला पगार होता.

माझं पुढं काय, हे विचारणारे फोन येतील म्हणून लिहितो. गोळीनं झोप येते, तोल जातो, रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं म्हणून अधूनमधून तपासणी. गोळी पुरेनाशी झाली तर दोन वाटा आहेत. एक, कानामागून कवटी उघडून नस आणि धमनीच्या मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवायचा. दुसरी, कवटी न उघडता गालातून सुई घालून त्या अंडाकृती भोकातून नसेच्या गाठीपर्यंत पोचायचं आणि तिला थोडं भाजायचं. डॉक्टर म्हणाले, घाई नाही. मलाही नाही.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी नातीनं फुली बघायला मागितली. सौ.नं ट्रंकेतली डबी काढून दिली. कवटीच्या डाव्या बाजूला नातीनं पिवळा धागा गोल भोकातून ओवला. अंडाकृती भोक कवटी पालथी केली की खालून दिसतं. हे गोल भोक खालून दिसत नाही. धागा खाचेत उतरला, बराच वेळ अडकला, काडीनं ढकलावा लागला आणि डोळ्याखालून बाहेर आला. तिनं त्याचं टोक उकलून दोन-तीन तंतू नाकाच्या कडेला नेले आणि फुली तिथं धरली.

"इथं लागत असणार, आबा," ती म्हणाली.