चाकामागचं रबर

जून सरता सरता वर्धा जिल्ह्यातल्या काळ्या मातीचा स्वभाव पालटतो. मे महिन्यात जिच्या भेगांत हात जायचा, ती माती आता बैलाच्या खुराला, माणसाच्या चपलेला आणि ट्रकच्या टायरला सोडायला तयार नसते. पांदणीतून डांबरीवर आलेली गाडी बराच वेळ रस्ताभर ढेकळं टाकत जाते. तिच्यामागे दुचाकीवर कोणी असला, तर त्याचा शर्ट त्या दिवशी पुन्हा पांढरा व्हायचा नाही. त्याला मागच्या चाकांमागे लोंबणारे, किंवा लोंबायला हवे होते असे, ते दोन काळे चौकोन नेमके तेव्हा आठवतात. मडफ्लॅप. एरवी त्यांच्याकडे बघतो कोण?

हिंगणघाटचे एक ड्रायव्हर जन्मभर बघत आले. आता स्टिअरिंग सुटलं आहे. जाम चौरस्त्याजवळ मुलाचं टायरचं दुकान आहे, तिथे खुर्ची टाकून बसतात. नाव छापायचं नाही, ही त्यांची अट. लाईनीत सगळे त्यांना उस्तादच म्हणतात, तेव्हा इथेही उस्तादच म्हणू.

ते क्लीनर म्हणून गाडीवर चढले तेव्हा विदर्भात कापूस एकाधिकार योजनेखाली सरकारच विकत घेत होतं. ही योजना १९७२ सालची. संकलन केंद्रांवर आणि जिनिंगच्या फाटकांवर हंगामात रांगा लागत. गाडी टाटाची बाराशे दहा, बॉडी लाकडी, आणि पोराच्या वाट्याला तीन कामं: पाणी बघणं, काच पुसणं आणि गाडी रिव्हर्स घेताना मागे उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडणं. मडफ्लॅपशी त्यांची पहिली गाठ या तिसऱ्या कामात पडली. जिनिंगच्या आवारात मुरमाचा उंचवटा होता. गाडी मागे आली, रबर उंचवट्यावर दुमडलं, त्यावर चाक चढलं आणि बोल्टांसकट अख्खा फ्लॅप खाली आला. ‘काहून बे, झोपला होता का?’ एवढंच ऐकू आलं, बाकीचं इथे लिहिण्यासारखं नाही.

फ्लॅप वाऱ्याने फाटतो, जुना होऊन फाटतो, असं लोकांना वाटतं. उस्ताद म्हणतात, निम्म्याहून जास्त रिव्हर्समध्येच जातात. म्हणून जुन्या गाड्यांच्या फ्लॅपला खालच्या कोपऱ्यात साखळी दिसायची. ती शोभेची नव्हती. मागे घेण्याआधी क्लीनरने रबर वर उचलून साखळी बॉडीच्या हुकात अडकवायची, आणि पुढे निघताना आठवणीने सोडायची.

तुटलेला फ्लॅप रस्त्यावर बसवणं हे त्यांच्या हातचं काम, आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो. आधी गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर. मागे त्रिकोणी रिफ्लेक्टर. तो नसला की लोक बाभळीची फांदी टाकतात, पण अंधारात फांदी दिसत नाही आणि दिवसा ती उचलायला कोणी थांबत नाही. चाकाला लावलेला दगड निघताना बाजूला टाकायचा, हे ते दोनदा सांगतात. रबर म्हणजे कन्व्हेअरचा जुना पट्टा. टायर कापून केलेला तुकडा गोलाई सोडत नाही, वाऱ्याने आत वळून चाकाला घासतो. पट्ट्यात कापडाचे थर असतात, तो सरळ लोंबतो. ड्रिल नसेल तर सळई लाल करून भोक पाडायचं; धूर डोळ्यांत जातो, वास दिवसभर हाताला राहतो.

खरी मेख बोल्टात असते. नुसता बोल्ट आणि छोटा वायसर लावला की रबर हलून हलून भोक मोठं होतं आणि एक दिवस बोल्ट जागेवर, रबर गायब. म्हणून रबराच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी घ्यायची आणि बोल्ट दोन्ही पट्ट्यांतून आरपार काढायचे. सायलेन्सरच्या बाजूला नायलॉनची दोरी बांधायची नाही, ती वितळते. तार बांधली तर ती गावापर्यंतच.

लांबी किती? इथे नवखा फसतो. रिकामी गाडी पाट्यांवर उंच उभी असते. त्या उंचीवर जमिनीपासून वीतभर सोडून रबर कापलं की माल भरल्यावर गाडी बसते आणि फ्लॅप खड्ड्याखड्ड्याला जमिनीवर आपटतो. माप भरल्या गाडीवर घ्यायचं. गाडी रिकामी असेल तर ती किती बसेल याचा अंदाज उस्तादाचा, क्लीनरचा नाही.

दिल्लीहून पाहिलं तर नियम सरळ आहेत. १९८८ चा मोटार वाहन कायदा, १९८९ चे केंद्रीय नियम. वर्ध्याची एमएच-३२ ही पाटी त्याच काळातली. मागचा नंबर वाचता आला पाहिजे, लाल रिफ्लेक्टर झाकलेले नकोत, गाडी दुसऱ्याला धोका होईल अशा अवस्थेत रस्त्यावर नको. जिथे वेगळी शिक्षा सांगितलेली नाही तिथे कलम १७७ लागतं. त्याचा पहिला दंड पूर्वी शंभर रुपयांपर्यंत होता, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचशे झाला. फिटनेस आता आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी. चिखलाने माखलेली नंबरप्लेट आणि टेललाइट यांचा मडफ्लॅपशी थेट संबंध आहे, पण अडवणाऱ्याच्या तोंडून ‘रबर अमुक इंच हवं’ असं नेमकं काही उस्तादांनी कधी ऐकलं नाही. हैदराबादच्या वाटेवर एका नाक्यावर चालून गेलेला फ्लॅप पुढच्या नाक्यावर आखूड ठरला. कुठले नाके, ते सांगत नाहीत.

याच प्रश्नावर अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला होता, हे ऐकून ते आधी हसले. १९५९ चा बिब विरुद्ध नवाहो फ्रेट लाइन्स. इलिनॉय राज्याने चाकाच्या गोलाईला धरून वळवलेले मडगार्ड सक्तीचे केले. इतर किमान पंचेचाळीस राज्यांत सरळ लोंबणारं रबर चालत होतं आणि आर्कान्सात तर सरळच हवं होतं. म्हणजे एक ट्रक दोन्ही राज्यांतून गेला तर वाटेत मडगार्ड बदलायचा. काढायला-घालायला दोन ते चार तास, तेही वेल्डिंगने. आणि गाडीत स्फोटकं असली तर? न्यायालयाने हाही मुद्दा नोंदवला. पुलगावच्या दारूगोळा डेपोशेजारी राहणाऱ्या जिल्ह्याला ती अडचण समजावून सांगायला नको. न्यायमूर्ती डग्लस यांनी निकाल लिहिला, इलिनॉयचा नियम रद्द झाला. उस्ताद हसायचे थांबले. ‘म्हणजे त्यांनाही नाके होते,’ म्हणाले.

युरोपात गोष्ट आणखी पुढे गेली. तिथे १९९१ पासून जड वाहनांच्या चाकांनी उडवलेल्या फवाऱ्यासाठी वेगळी मानकं आहेत, कारण चिखलापेक्षा या फवाऱ्याचं धुकं जास्त घातक. ओल्या रस्त्यावर जोरात चाललेला ट्रक पाण्याचे बारीक थेंब उडवतो, मागच्याच्या काचेवर पडदा येतो आणि ओव्हरटेक करणाऱ्याला दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. मडफ्लॅप मोठे थेंब आणि गोटे अडवतो. बारीक फवारा अडवायला वेगळी बनावट लागते.

हे सगळं मागच्यासाठी, ट्रकवाल्याला काय मिळतं? असं विचारणाऱ्यावर उस्ताद उखडतात. जोडीच्या दोन चाकांत अडकलेला गोटा सुटला तर आधी एअरचा पाइप आणि टेललाइट फुटते, मागच्याची काच नंतर. तरी मालक पहिला खर्च तोडतो तो याच रबरावर, हेही ते कबूल करतात. त्यांचा तोही अनुभव आहे. स्वतः एका गाडीचे मालक झाले तेव्हाचा.

जुना राष्ट्रीय महामार्ग ७ आता ४४ झाला, चौपदरी झाला. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा खुला झाला. तिथे दुचाकीला मज्जावच, त्यामुळे चिखल अंगावर घेणाराही नाही. पण गाड्यांचा वेग पाहता फवाऱ्याचा त्रास तिथे जास्त. हिंगणघाट-वर्धा रस्त्यावर मात्र अजून सगळेच एकमेकांच्या मागे आहेत: ट्रक, स्कूलबस, कापसाची गाडी, मोटरसायकलवर तिघं.

दुकानात आता छापील फ्लॅप येतात, पातळ, कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत. मुलगा तेच विकतो, स्वस्त पडतात आणि गिऱ्हाईक पाच मिनिटांत मोकळं होतं. उस्तादांना ते पटत नाही. दोन पट्ट्या घालून बसव म्हणून ते मागे लागतात. ‘पट्टीचे पैसे कोण देते, बाबा?’ मुलगा विचारतो. परवा एका एमएच-२९ ला त्यांनी स्वतः बसून पट्ट्या लावल्या, पैसे मात्र नुसत्या फ्लॅपचेच घेतले, आणि त्यावरून बापलेकांचं दुपारपर्यंत चाललं.