चार घाटांचा फेरा

डोंगरातील मोटारप्रवासाची आखणी करावयास बसलेल्या मनुष्याने सर्वप्रथम किलोमीटरचा हिशेब बाजूला ठेवावा, अशी माझी आता पक्की धारणा झाली आहे. सपाटीवर अंतरावरून वेळ ठरतो. घाटात मात्र चढण, वळणे, दिवसाचा प्रहर, समोरून उतरणाऱ्या मालमोटारी आणि गाडीत बसलेल्यांची प्रकृती या सर्वांनी मिळून तो ठरतो, आणि या सर्वांवर हुकूम चालतो तो ऋतूचा. हे मला प्रथम उमगले ते नोकरीनिमित्त म्युनिकला स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्याने आम्हां उभयतांसाठी आल्प्सच्या सहलीचा बेत केला तेव्हा, आणि त्याची पुरती प्रचीती आली ती द्रोणागिरीच्या आमच्या घरातून निघून सह्याद्रीतील चार घाटांचा फेरा मी त्याच्यासाठी आखला तेव्हा.

द्रोणागिरीत राहणाऱ्या मनुष्याला डोंगराची ओढ असावी यात नवल नाही. लक्ष्मणासाठी औषधी नेताना मारुतीच्या हातून द्रोणागिरीचा एक तुकडा उरणच्या किनाऱ्यावर पडला, अशी इकडील वृद्धांची श्रद्धा. त्या टेकडीवर पडक्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि पायथ्याशी खाडीपलीकडून आलेल्या आमच्यासारख्यांची सिडकोने वसविलेली नवी वस्ती. दिवसभर बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांच्या रांगा रस्त्यावर असतात. पण आभाळ स्वच्छ असले की पूर्वेला कर्नाळ्याचा सुळका दिसतो, आणि तो दिसला की मन घाटाकडे धाव घेते.

पुतण्याने आल्प्सची आखणी केली ती पाहून मी प्रथम चकित झालो. मी अपेक्षिली होती स्थळांची यादी; त्याने आरंभ केला तो रस्ते कोणत्या महिन्यात उघडे असतात येथून. ऑस्ट्रियातील ग्रोसग्लॉकनरचा रस्ता, जो १९३० ते १९३५ या मंदीच्या काळात हजारो हातांना काम देऊन बांधण्यात आला, तो हिवाळ्यात बर्फाखाली जातो आणि साधारणतः मे महिन्यात पुन्हा वाहतुकीस खुला होतो. २७५७ मीटर उंचीची इटलीतील स्टेल्व्हिओ खिंड तर वर्षाचा अर्ध्याहून अधिक काळ बंदच असते. म्हणून त्याने सप्टेंबर निवडला: बर्फ यावयाचे असते, आणि सुटीतली गर्दी ओसरलेली असते. एका दिवसात एकच खिंड, हा त्याचा दुसरा नियम. मी त्याला विचारले, "अरे, उरलेल्या दिवसाचे काय करायचे?" तो म्हणाला, "काका, उरलेला दिवस त्या खिंडीतच जातो. जागोजागी थांबायचं, उतरायचं, बघायचं. पलीकडे पोचण्याची घाई करायची नाही." आणि झालेही तसेच. महामार्गासाठी काचेवर लावावयाचा करपरवाना निराळा, ग्रोसग्लॉकनरचा पथकर निराळा, हा सर्व तपशील त्याने आधीच उलगडून ठेवला असल्यामुळे वाटेत कोठे खिसा चाचपावा लागला नाही, आणि सारे लक्ष डोळ्यांसमोरच्या पर्वतावर राहिले.

तेथे दोन गोष्टी माझ्या मनात खोल रुजल्या. पहिली ही की, खिंडीच्या पायथ्याशी फलक उभा असतो आणि पुढचा रस्ता खुला आहे की बंद हे त्यावर स्पष्ट लिहिलेले असते. प्रवाशाला कोणापाशी चौकशी करीत हिंडावे लागत नाही. दुसरी ही की, वळणांना क्रमांक दिलेले असतात. स्टेल्व्हिओच्या उत्तर बाजूस ४८ वळणे आहेत, आणि प्रत्येकापाशी त्याचा आकडा आहे. चढणाऱ्याला आपण कोठवर आलो हे कळते, आणि एखाद्यावर प्रसंग गुदरलाच तर मदत नेमकी कोठे धाडावयाची हेही कळते.

पुढे पुतण्या सपत्नीक इकडे यावयाचा होता, तेव्हा आखणीचे काम मी स्वतःकडे घेतले. भोजनाच्या मेजावर महाराष्ट्राचा नकाशा पसरून मी फेरा ठरविला तो असा: उरणहून पेण, तेथून महाड; वरंधा घाट चढून भोर; मांढरदेवीचा घाट ओलांडून वाई; पसरणीच्या घाटाने पाचगणी व महाबळेश्वर; आणि आंबेनळी घाटाने उतरून पोलादपूर, तेथून घर. ऋतू निवडला कार्तिकाचा. आल्प्सला जे हिवाळ्यातील बर्फ, तेच सह्याद्रीला आषाढ-श्रावणातील पाणी. महाबळेश्वरी वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; जुलै २०२१ मध्ये अवघ्या एका दिवसात सहाशेच्या जवळपास पडला, त्याच दिवसांत आंबेनळीचा रस्ता जागोजागी तुटला आणि महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. ज्या डोंगराच्या पायथ्याशी असे झाले, तेथे धबधबे पाहण्याच्या हौसेपायी भर पावसात मोटार घालावयाची, हे मला मुळीच पटत नाही. कार्तिकात दरडी काढलेल्या असतात, खड्डे बऱ्यापैकी बुजविलेले असतात, धरणे तुडुंब असतात आणि गवत पिवळे पडू लागलेले असते.

दिशेविषयी मात्र मी विशेष विचार केला. वरंध्याची चढण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. सकाळी निघाल्यास प्रत्येक वळणावर सूर्य डोळ्यांत येतो आणि समोरचे वाहन दिसत नाही. म्हणून महाडला दुपारचे जेवण घेऊन, ऊन पाठीशी आल्यावर घाट चढावयाचा. आणि परतताना आंबेनळी सकाळीच उतरावयाचा, म्हणजे पश्चिमेकडे जातानाही ऊन पाठीशीच राहते. अंधार पडल्यावर कोणत्याही घाटात चाक घालावयाचे नाही, हे तर ठरलेलेच होते.

राहता राहिला प्रश्न वरंधा खुला आहे की नाही हा. पावसाळ्यात हा घाट जड वाहनांस, आणि पुष्कळदा सर्वच वाहनांस, सरकारी हुकुमाने बंद होतो. तो हुकूम केव्हा उठतो हे मात्र ज्याचे त्याने शोधून काढावे लागते. मी एका कचेरीत दूरध्वनी केला, तेथे "चालू आहे" असे सांगण्यात आले. दुसऱ्या कचेरीत "काम चालू आहे, खात्री नाही" असे उत्तर मिळाले. अखेर खात्री झाली ती महाडच्या एका पेट्रोल पंपावर, भोरहून नुकत्याच उतरलेल्या टेम्पोचालकाच्या तोंडून.

माझेरी मागे टाकून आम्ही चढू लागलो. माथ्याजवळ वाघजाईचे देऊळ आहे. समोर दरी एकदम खाली जाते, आणि कावळ्या किल्ल्याला दुभागून रस्ता पलीकडे निसटतो. देवळापाशी भज्यांच्या टपऱ्या आहेत. आम्ही थांबलो, तेव्हा टपरीवरच्या बाईंनी कढईत एकेक भजे सोडीत सुनेला सांगितले, "ताई, गाडीच्या काचा लावून घ्या, माकडं आत शिरत्यात. आन् पावसात काय येऊ नका. रस्ता बंद झाला का आमची चूलबी बंद." त्या शेवटच्या दोन वाक्यांत घाट बंद होण्याचा जो अर्थ मला समजला, तो कोणत्याही फर्मानात लिहिलेला नसतो. देवळाच्या कठड्यापाशी आम्ही बराच वेळ उभे होतो. पुतण्या कोकणाच्या बाजूला पाहत होता. शिवथरची घळ कोणत्या बाजूस, हे मी त्याला हाताने दाखविले, आणि समर्थांनी दासबोध रचला तो त्या रानात, असे सांगितले तेव्हा त्याने गाडीची किल्ली खिशात टाकून दिली.

पलीकडे हिर्डोशीपासून नीरा-देवघरचे पाणी रस्त्याच्या सोबतीला येते. भोरचा मुक्काम, मांढरदेवीचा घाट, वाईचा ढोल्या गणपती आणि मराठी विश्वकोशाचे गाव, शाहीर साबळ्यांच्या पसरणीवरून पाचगणी, हे सर्व सुखाने पार पडले. त्याचे वर्णन करीत बसत नाही.

आंबेनळीच्या उताराविषयी मात्र सांगितले पाहिजे. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा घाटातल्या चालकांचा जुना दंडक आहे, आणि तो केवळ रूढी म्हणून पाळावयाचा नसून त्याला कारण आहे: सतत ब्रेक दाबून उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तापतात, तापलेले ब्रेक पकड सोडतात, आणि ज्या क्षणी पायाखाली काही लागत नाही त्या क्षणी उपाय उरत नाही. पुतण्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली आणि इंजिनच्या आधारावर ती सावकाश सोडली. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावयाची, हा आपल्या वाहतुकीच्या नियमांतच लिहिलेला दंडक तो कसोशीने पाळीत होता; चढून येणाऱ्या एसटीसाठी तो कडेला थांबला, तेव्हा चालकाने हात वर करून त्याची पोच दिली. ज्या जावळीच्या रानातून १६५९ साली अफझलखानाचे सैन्य मोठ्या यातायातीने उतरले, त्यात आज आपण तासाभरात उतरतो. पण रान तेच आहे आणि उतारही तोच आहे. प्रतापगडाच्या फाट्यावर आम्ही थांबलो, गड पाहिला, आणि दुपार होण्याच्या आत उरलेला घाट उतरलो.

आता सार्वजनिक बांधकाम खात्याला माझी एक कळकळीची विनंती आहे. महाड, भोर, पोलादपूर, महाबळेश्वर येथे, घाटाच्या दोन्ही तोंडांशी, रस्ता खुला की बंद हे सांगणारा एक एक फलक उभारावा, आणि तो रोज बदलण्याची जबाबदारी कोणाची हे ठरवून द्यावे. वळणांना क्रमांक द्यावेत. तामिळनाडूतील वालपराईच्या घाटात चाळीसही वळणांना ते आहेत, तेव्हा ही गोष्ट परदेशातच होते असे म्हणावयास जागा नाही. आंबेनळीच्या दरीत २०१८ च्या जुलैत एक बस कोसळली आणि तीसच्या आसपास माणसे गेली. एकच प्रवासी वर चढून आला आणि त्याने खबर दिली. अशा वेळी "अमुक क्रमांकाचे वळण" एवढे तीन शब्द सांगता येणे केवढ्या मोलाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको. या कामाला फार मोठ्या रकमेची गरज नाही. ते येत्या पावसाळ्यापूर्वी व्हावे.