दोन टोकांमधली वायर

कॉम्प्युटरला यंत्रं जोडायच्या वायरी इतक्या तऱ्हेच्या कशाला, एकच काय ती ठरवून का टाकत नाहीत, हा प्रश्न शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत मला जितक्यांनी विचारला तितका दुसरा कुठलाच विचारला नाही. भुईकाट्याचे मालक विचारतात, शाळेचे मुख्याध्यापक विचारतात, लग्नाचं शूटिंग करणारी पोरं विचारतात. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, आणि खरी काळजी त्याचीच असते: आज पैसे मोडून घेतलेली वस्तू पाच-सात वर्षांनी कशाला तरी जोडता येईल ना?

हार्डवेअरच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माझं उत्तर असं आहे. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पद्धती सुखाने शेजारी नांदू शकतात, नांदत आल्याही आहेत. पण त्या नांदण्याचा खर्च कुणीतरी सोसतो, आणि बहुतेक वेळा तो अशा माणसाच्या अंगावर पडतो ज्याला निवड करताना कुणी विचारलेलंच नसतं.

आमच्या भागात हे समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही, कसाऱ्याच्या गाडीत बसलं की पुरे. मुंबईहून इगतपुरीपर्यंतची रेल्वे १९३० सालापर्यंत विजेवर आली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस इगतपुरीपलीकडची लाइन विजेवर आली तेव्हा २५ हजार व्होल्ट एसीचा जमाना सुरू झाला होता. एकाच रुळांवर दोन पद्धती आल्या आणि इगतपुरीला गाड्या थांबवून इंजिनं बदलावी लागू लागली. एक पद्धत मोडून दुसरी लगेच आणणं शक्य नव्हतं, कारण मुंबईच्या साऱ्या लोकल डीसीवर धावत होत्या. मग नव्वदच्या दशकात भेलने दोन्ही विजांवर चालणारी डब्ल्यूसीएएम-३ सारखी इंजिनं बांधली. मुंबईतली डीसी संपूर्ण जायला २०१६ उजाडलं, त्या वर्षी हार्बरवरची शेवटची डीसी लोकल धावली. दोन्ही विजांचं इंजिन दोन्हींचं सामान पोटात घेऊन फिरायचं आणि डीसीवर त्याची ताकद एसीपेक्षा कमी पडायची. दुभाषा ठेवला की त्याचं वजन वाहावंच लागतं. कॉम्प्युटरच्या वायरींचंही नेमकं हेच आहे.

आता शूटिंगवाल्यांकडे येतो. २००० नंतरच्या काही वर्षांत आमच्याकडच्या लग्नांत मिनी डीव्ही कॅसेटचे कॅमेरे आले. त्या कॅमेऱ्यांतून चित्र कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं ते फायरवायरने. १९९५ साली हे मानक ठरलं, वेग सेकंदाला ४०० मेगाबिट. त्या वेळचं यूएसबी १.१ होतं १२ मेगाबिटचं आणि डीव्हीचं नुसतं चित्रच सेकंदाला २५ मेगाबिट मागायचं, म्हणजे यूएसबीचा तिथे प्रश्नच नव्हता. एप्रिल-मेच्या हंगामात मुरबाडच्या स्टुडिओंत रात्र रात्र कॅप्चरिंग चालायचं. तासाभराची कॅसेट घ्यायला तासच लागणार आणि हार्ड डिस्कवर तेरा-एक जीबी खाणार. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

फायरवायर ही गुणी पद्धत होती. तिला प्रत्येक गोष्टीसाठी कॉम्प्युटरच्या प्रोसेसरची मनधरणी करावी लागत नसे, त्यामुळे प्रवाह अखंड यायचा. २००० साली यूएसबी २.० आलं, कागदावर ४८० मेगाबिटचं, तरी प्रत्यक्ष कामात फायरवायर सरस ठरायची. मग ती हरली कशी? पैशाने. अ‍ॅपलने सुरुवातीला दर पोर्टामागे एक डॉलर मागितला. पुढे सगळ्या भागीदारांचा मिळून दर यंत्रामागे पाव डॉलर ठरला, पण तोवर इंटेलने आपलं बळ यूएसबीमागे उभं केलं होतं, आणि यूएसबी वापरायला असा काही आकार नव्हता. स्वस्त कॉम्प्युटरच्या बोर्डावर यूएसबी आपसूक येऊ लागलं. फायरवायरसाठी वेगळं कार्ड बसवावं लागे.

तिच्यात एक घातक खोडही होती. कॉम्प्युटरकडच्या सहा पिनांच्या टोकातून वीजही जायची, आणि ती यूएसबीसारखी पाच व्होल्ट नव्हे, तीस व्होल्टपर्यंत. हलक्या कार्डांच्या सॉकेटचा पत्रा मऊ असतो. अंधारात, टेबलाखाली हात घालून जोर लावला की टोक उलटं बसायचं आणि ती वीज थेट कॅमेऱ्याच्या डेटाच्या तारांत. लाखाच्या आसपासचा कॅमेरा, तोही ऐन हंगामात. असे कॅमेरे माझ्या टेबलावर आले आहेत. चित्र दिसतं, रेकॉर्डिंग होतं, फक्त कॉम्प्युटरला कॅमेरा दिसत नाही. मी त्या स्टुडिओंत सहा पिनांच्या टोकावर आणि सॉकेटवर वरच्या अंगाला नेलपॉलिशचा ठिपका लावून देत असे, म्हणजे अंधारातही बॅटरी मारली की कळावं.

फायरवायर गेली आणि तिच्यासोबत कॅसेटी अडकल्या. आजच्या लॅपटॉपला ते सॉकेट नाही, कार्ड मिळालं तर ड्रायव्हरची रडारड, आणि सगळं जुळलं तर चालू स्थितीतला कॅमेरा नाही. शहापूर-मुरबाडच्या कितीतरी घरांत आजी-आजोबांचं एकुलतं एक हलतं चित्र या कॅसेटींत आहे. ज्यांच्याकडे त्या असतील त्यांनी पुढच्या वर्षावर टाकू नये. फीत दमटपणाने आणि बुरशीने जाते, आणि आमच्याकडच्या पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको.

याच्या अगदी उलट कथा भुईकाट्यावर बघायला मिळते. भाताच्या गोणी, वीट, खडी, भंगार, सगळं जिथे तोललं जातं त्या केबिनमध्ये काचेच्या मागे लाल आकड्यांचा एक डबा असतो. त्याला इंडिकेटर म्हणतात. काट्याखालच्या लोडसेलकडून आलेलं वजन तो आकड्यांत बदलतो आणि मागच्या नऊ पिनांच्या तोंडातून कॉम्प्युटरकडे पाठवत राहतो. त्या तोंडाची पद्धत आरएस-२३२, मूळ ठरली १९६० साली. तीन तारा पुरतात: एक पाठवायची, एक घ्यायची, एक अर्थिंगची. वेग सेकंदाला ९६०० बिट, पुष्कळ ठिकाणी त्याहूनही कमी. यूएसबी ४ शी तुलना करायची तर लाखो पट हळू. आणि ती पद्धत आजही धडधाकट आहे, कारण ट्रकचं वजन म्हणजे पाच-सहा आकडे, त्यांना लाखो पट वेग देऊन करायचं काय? शिवाय यूएसबी २.० ची वायर पाच मीटरच्या पुढे भरवशाची नाही. आरएस-२३२ पंधरा मीटर सहज जाते आणि तिचं भावंड आरएस-४८५ बाराशे मीटरपर्यंत.

अडचण येते ती कॉम्प्युटर बदलताना. नव्या मशीनला नऊ पिनांचं तोंडच नसतं. मालक बाजारातून यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर आणतो, जोडतो आणि पडद्यावर शून्य. मग फोन येतो, "दादा, ट्रक रांगेत उभे आहेत." कन्व्हर्टर लावल्यावर विंडोज त्याला कॉम ७ नाहीतर कॉम ११ असा नंबर देऊन मोकळं होतं. काटापावतीचं सॉफ्टवेअर मात्र जुनं, त्याला कॉम १ ते ४ एवढेच माहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्स, तिथे अ‍ॅडव्हान्स्ड, आणि नंबर बदलून कॉम २ केला की वजन येतं. आकड्यांऐवजी विचित्र खुणा दिसल्या तर वेग जुळलेला नाही असं समजावं. काहीच येत नसेल तर दोन आणि तीन नंबरच्या तारा अदलाबदल करून बघाव्या.

हा कन्व्हर्टर म्हणजे आमचं दोन विजांचं इंजिन, आणि त्याचंही वजन वाहावं लागतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि तिच्या नावाच्या नकली चिपा त्याने निकामी केल्या. ओरड झाल्यावर तो मागे घेतला गेला. नकली माल वाईट, हे मला मान्य आहे. पण वाटेवरच्या काट्यावाल्याने कन्व्हर्टरच्या प्लॅस्टिकच्या आत कुठली चिप आहे हे ओळखायचं कसं? भांडण दोन कारखान्यांचं आणि ट्रक अडणार खेड्यात, हे मला कधीच पटलेलं नाही.

सहजीवन बाजारावर सोडलं तर असं होतं. नियमाने केलं तर वेगळं होऊ शकतं, त्याचं एक उदाहरण मुरबाडमध्येच आहे. धसई गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, दुकानादुकानांत कार्डाची मशीन आली. पुढे मोबाइलवरचे क्यूआर आले तेव्हा काही कंपन्यांचे कोड फक्त त्यांच्याच अ‍ॅपला वाचता यायचे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं की असे बंदिस्त कोड नवे काढायचे नाहीत आणि जुने ३१ मार्च २०२२ पर्यंत खुल्या पद्धतीवर न्यायचे. आज भाजीवालीच्या टोपलीवरचा कोड कुणाच्याही फोनने वाचता येतो. कंपन्या सगळ्या जिवंत आहेत, स्पर्धाही आहे, ग्राहकाला मात्र त्याची झळ नाही.

वायरींच्या बाबतीत तसाच प्रयत्न टाइप-सी ने केला. २०१४ साली तिचा आराखडा आला. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनला ती सक्तीची केली, त्याआधीच २०२३ च्या आयफोनने आपली जुनी पिन सोडली होती, आणि आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही तिचं मानक काढलं. इंटेलने थंडरबोल्टची पद्धत यूएसबीला दिली आणि २०१९ चं यूएसबी ४ त्यावर उभं राहिलं. दोन प्रतिस्पर्धी एका घरात आले, मला याचा मनापासून आनंद झाला होता.

पण तोंड एक झालं तरी आतला कारभार एक झाला नाही. दिसायला सारख्या तीन वायरींतली एक फक्त चार्जिंगची असते, डेटाच्या तारा तिच्यात नसतातच. दुसरी ४८० मेगाबिटची. तिसरी ४० गिगाबिटची. पूर्वी पिन बसत नसे, तेव्हा निदान बसत नाही एवढं तरी कळायचं.

म्हशाच्या जत्रेत किंवा मुरबाडच्या बाजारात मिळणारी चार्जिंगची बॅटरी घ्या. रात्री शेतावर जाताना, पावसात विंचूकाट्याच्या भीतीने ती घरोघरी असते. तिला आता टाइप-सी चं तोंड आहे. फोनचा नवा चार्जर, दोन्हीकडे सी असलेली वायर लावली तर ती चार्ज होत नाही आणि माणूस ती बिघडली म्हणून घेऊन येतो. ती बिघडलेली नसते. नवा चार्जर समोर ५.१ किलो-ओहमचा रेझिस्टर दिसल्याशिवाय वीज सोडत नाही, आणि काही पैशांचे ते दोन रेझिस्टर बनवणाऱ्याने वाचवलेले असतात. जुन्या चपट्या यूएसबीचा चार्जर आणि चपटी-ते-सी वायर लावली की तीच बॅटरी मुकाट चार्ज होते, कारण जुना चार्जर काही न विचारता पाच व्होल्ट देतो. म्हणून घरातला जुना चार्जर फेकू नका असं मी प्रत्येकाला सांगतो.

सगळीकडे एकच पद्धत हवी, हा आग्रह मला चुकीचा वाटतो. काट्याला काट्याची वायर राहू द्या, लॅपटॉपला लॅपटॉपची. मला दोन गोष्टी हव्या आहेत. यंत्र विकणाऱ्याने त्याच्या तोंडाची, वेगाची आणि पिनांची माहिती देणारा कागद बिलासोबत द्यावा. पुष्कळ इंडिकेटरांचा असा कागद मालकाकडे नसतो आणि मग वेग शोधण्यात अर्धा दिवस जातो. ग्रामपंचायत, शाळा, सोसायटी यांनी खरेदीच्या पत्रातच ही अट घालावी, त्याला एक रुपया जास्त लागत नाही. आणि टाइप-सी च्या प्रत्येक वायरीवर, खोक्यावर नव्हे तर वायरीवरच, ती डेटा नेते का, किती वेगाने नेते आणि किती वॅट सोसते हे छापणं सक्तीचं व्हावं. खोकं दुकानातच फेकलं जातं, वायर घरी येते.