दोष पायांचाच?

हेलिकॉप्टर गरगर फिरून पडलं असं कानावर आलं की माझा निकाल तयार असायचा: पायलटचे पाय झोपले होते. चेतक हेलिकॉप्टर उडवताना आणि पुढे शिकवताना हे मत पक्कं झालं, आणि ते उगाच नव्हतं. हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी तरंगताना, वारा मागून आला की चेतकचं नाक एकदम डावीकडे पळू शकतं. शिकाऊ पोरगा उजवं पेडल जरासं दाबतो, फरक दिसत नाही म्हणून ढिलं सोडतो, आणि वर ‘टेल रोटर गेला!’ म्हणून ओरडतो. टेल रोटर, म्हणजे शेपटीवरचा पंखा, ठणठणीत असतो. पेडल टोकापर्यंत दाबून धरलं की नाक थांबतं. पण लगेच नाही, आणि तेवढा धीर भल्याभल्यांना धरवत नाही.

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या अपघाताबद्दलही मी हेच बोललो. 27 ऑक्टोबर 2018 च्या रात्री तिथल्या फुटबॉल क्लबच्या स्टेडियममधून उडालेलं एडब्ल्यू-169 हेलिकॉप्टर उजवीकडे फिरू लागलं, सुमारे 430 फुटांपर्यंत जाऊन कोसळलं, पेटलं. क्लबचे थाई मालक विचाई यांच्यासह आतले पाचही जण गेले.

ब्रिटिश तपासयंत्रणेचा अहवाल 2023 मध्ये आला. टेल रोटरच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या शाफ्टवरचं बेअरिंग जाम झालं होतं. एरवी न फिरणारा तो शाफ्ट त्यामुळे रोटरबरोबर फिरू लागला, दुसऱ्या टोकाच्या नटातून सुटला आणि पेडलशी त्याचं नातंच तुटलं. पाती कोनाच्या पार टोकाला जाऊन बसली. पायलटने उलटं पेडल दाबलं होतं. कलेक्टिव्ह, म्हणजे मुख्य रोटरची उचल कमीजास्त करणारा दांडा, खाली घेतला होता, आदळण्याआधी धक्का कमी करायला पुन्हा वर ओढला होता. मी वर्गात जे जे सांगत आलो, ते सगळं त्या माणसाने अंधारात, काही क्षणांत केलं होतं.

टेल रोटर गेला की आम्ही वेगावर भिस्त ठेवतो. पुढे वेग असला तर शेपटीवरचं उभं फिन नाक थोडंफार आवरून धरतं, धावपट्टीवर घसरत उतरता येतं. स्टेडियममधून नुकत्याच वर आलेल्या यंत्राकडे तो वेग कुठून असणार?

पूर्ण पेडल दाबा आणि धरून ठेवा, हे मी आजही तितक्याच हट्टाने शिकवतो. अपघाताची बातमी आली की मात्र आधी उंची विचारतो, वेग विचारतो, आणि टेल रोटरचं बेअरिंग शेवटचं कुणी उघडून पाहिलं होतं, ते. लेस्टरच्या अहवालातल्या आठही शिफारशी नियामकाला उद्देशून आहेत. पायलटांसाठी एकही नाही.