एका नुक्त्याची साक्ष

उर्दू शाळेतल्या बाईंना कॉम्प्युटरच्या तपासाशी काय करायचंय, असं लोक विचारतात. बी.एड. केल्यापासून मी मुलांना इमला शिकवते; हल्ली संध्याकाळी स्वतः डिजिटल पुराव्याचे धडे गिरवते. कारण मोहल्ल्यातली भांडणं आता मोबाइलवरून पेटतात आणि जो तो स्क्रीनशॉट पुढे करतो. खोटा स्क्रीनशॉट बनवायला पाच मिनिटं पुरतात.

पहिला धडा असा : मूळ डिस्कवर काम करायचं नाही. राइट-ब्लॉकर लावून तिची हुबेहूब नक्कल काढायची, तपास नकलेवर करायचा. दोन्हींचा 'हॅश' जुळला पाहिजे. एसएचए-256 पद्धतीत तो 64 आकडे-अक्षरांचा असतो. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी सगळा बदलतो. मला यात नवल वाटलं नाही. 'रे'वर एक नुक्ता पडला की 'रहमत'ची 'जहमत' होते, हे मी फळ्यावर नेहमीच दाखवते.

जालन्याची 2014 ची विधानसभा निवडणूक 296 मतांनी जिंकली गेली. वाद उमेदवारी अर्जाच्या वेळेचा, पुरावा व्हिडिओचा. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा नकलेसोबत प्रमाणपत्र हवंच. मात्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही, तर मागणाऱ्याचं नुकसान होऊ नये. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या साक्ष कायद्यात त्या प्रमाणपत्रावर हॅशही लिहावा लागतो.

मुलांच्या आयांना मी एवढंच सांगते : भीतीपोटी मेसेज पुसू नका, फोन फॉरमॅट करू नका. पोरगा निर्दोष असेल, तर त्याचा साक्षीदारही त्याच फोनमध्ये बसलेला असू शकतो.